एकच बादली

"एकच," मार्युतने बजावलं. "बाबा, एकच बादली. दुसरी दिसली तर चालत्या गाडीतून फेकून देईन."

विल्हो शेडच्या दारात काठीवर भार देऊन उभा होता. लेकीने तोंडात एकच दात ठेवायला सांगितलं असावं, तसा चेहरा झाला होता त्याचा.

"एकात एक घातलेल्या चालतील का?" त्याने विचारलं.

"बाबा!"

"नाही, विचारलं आपलं."

दोरीवरच्या चादरी काढता काढता हेल्वीला हसू फुटलं. सगळ्या संसारात तिने हेच एक गाऱ्हाणं केलं होतं. बाकीचे नवरे बायकोला कानातलं आणतात, अंगठी आणतात. माझा बादल्या आणतो! विल्हो जन्मभर रंगारी. रंगाची, पुट्टीची बादली रिकामी झाली की त्याच्या जोडीचे लोक ती सरळ कचऱ्यात भिरकावत. हा ती धुणार, घासणार, वास जाईपर्यंत उन्हात ठेवणार आणि सायकलला टांगून घरी आणणार. त्यात अख्ख्या फिनलंडला फुकट बादलीचं वेड! नवीन दुकान उघडलं की पहिल्या गिऱ्हाइकांना बादली मिळते, आणि लोक पहाटेपासून रांग लावतात. दुकानात विकायला काय ठेवलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. त्या रांगेतही विल्हो पुढे असायचाच.

पण गाऱ्हाणं करायचं ते करावं, आणि माणसाचे हात बघावेत. जुन्या विजारीचे खिसे कापून त्याने एका बादलीला बाहेरून गोल शिवले होते. खिशात ब्रश, पट्ट्या, पेन्सिली, आणि मधल्या पोकळीत हातोड्या. एक बादली तिरकी कापली होती, तिचं सूप झालं होतं; पक्ष्यांचे दाणे काढायला, पायरीवर वाळू टाकायला तेच. एक भिंतीवर आडवी ठोकलेली. बाहेरून पाण्याचा पाइप गुंडाळायचा आणि पोटात हातमोजे ठेवायचे. बुडाला भोकं पाडलेल्यांमध्ये दर उन्हाळ्यात बटाटे लागत. जाळीवाली एक होती, ती रानातल्या लाल बेरींनी भरून तळ्यात बुडवली की पाला वर तरंगायचा आणि बेरी स्वच्छ. कडी तुटलेल्यांना दोर आणि दोराला पाइपचा तुकडा, हाताला काचू नये म्हणून. फुकटच्या वस्तूत एवढा जीव कोण घालतं हो? हेल्वीला ते दिसत होतं. तोंडाने तिने कधी कबूल केलं नाही, एवढंच.

आणि एक तिची स्वतःची होती. पडवीतली पांढरी बादली. तिच्या झाकणावर त्याने जुन्या कोटाची लोकर भरून गादी शिवली होती. वर बसून बटाटे सोलायचे, आत विणकाम ठेवायचं. हेल्वीचे गुडघे गेल्यापासून ती त्या बादलीवाचून कुठे बसतच नसे.

आता हे सगळं सोडायचं होतं. विल्होच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, लाकडं फोडणं सुटलं, अंगणातला बर्फ उपसणं सुटलं. मार्युतने शहरात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघितला. तिथे शेड नाही, तळघर नाही. जिन्याखाली एक सायकल मावेल एवढी जागा.

"एकच," हेल्वी मनात म्हणाली. ती कोणती, हे तिला विचारायची गरजच नव्हती. निळी.

निळी बादली शेडच्या दाराशी वेगळ्या खिळ्यावर असायची. तिच्यात काही भरत नसत. एका दुकानाच्या रांगेत ती ओस्सीला मिळाली होती. ओस्सी त्यांचा थोरला, मार्युतच्या आधीचा. बापाच्या खांद्यावर बसून तो रांगेत होता, आणि दुकानदाराने हसून त्यालाही एक दिली. मग काय! महिनाभर ती डोक्यावर घालून घरभर फिरला, दारांना धडका दिल्या. त्याचं काळीज जन्मापासूनच दुबळं होतं. शाळेचं तोंड बघायच्या आधीच तो गेला.

तेव्हापासून दर नाताळच्या आदल्या दिवशी त्याच्या थडग्यावर त्या बादलीतला बर्फाचा दिवा लागत आला होता. बादली पाण्याने भरायची आणि एक रात्र उघड्यावर ठेवायची. कडेचं पाणी आधी गोठतं, मधलं पातळ राहतं. सकाळी उलटी करून बाहेरून कोमट पाणी ओतलं की अख्खा बर्फ सुटून येतो. मधलं पाणी सांडून द्यायचं, पोकळीत मेणबत्ती ठेवायची. एका वर्षी थंडीने बादलीला उभी चीर गेली. विल्होने दुसऱ्या बादलीचा तुकडा वितळवून ती आतून सांधली. तेव्हापासून दिव्याच्या बर्फावरही वरपासून खालपर्यंत एक वाकडी खाच उमटायची. त्या घरात ओस्सीचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. नाव घ्यायचं काम निळी बादली करायची.

शनिवारी विल्होने सगळ्या बादल्या अंगणात मांडल्या आणि गाव आलं. पहिला आला शेजारचा काउको लाप्पालाइनेन.

"काय रे, बादल्यांचा राजा! राज्य वाटायला काढलंस?"

"तुला काय हवंय ते घे आणि तोंड बंद ठेव."

"मला कशाला हवी तुझी अडगळ?" म्हणत काउकोने तिरकी कापलेली बादली उचलून बगलेत मारली.

लोक येत राहिले, कॉफी पीत राहिले. हेल्वीला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. जो तो सांगत होता, की विल्होची एक बादली आमच्याकडे आहेच. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या होडीत, कुणाच्या वाफेच्या न्हाणीत, सौनात. एक बाई म्हणाली, "माझ्या आईच्या पलंगाशी शेवटपर्यंत तुमचीच होती, खिसेवाली. चष्मा, रुमाल, सगळं तिच्या हाताशी." विल्हो कानामागे खाजवत राहिला. हेल्वी घरात गेली आणि उगीचच कप धूत बसली.

संध्याकाळी अंगण रिकामं झालं. खिळ्यावर निळी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, निघायच्या वेळी, नव्हती. 'घेतली वाटतं गाडीत,' असं म्हणून हेल्वी निर्धास्तपणे गाडीशी आली. बघते तर विल्होच्या मांडीवर पांढरी बादली, गादीवाली.

"ही?" तिने विचारलं.

"ही."

"आणि..." तिने शेडच्या दाराकडे बघितलं.

"एकच म्हणाली ना मार्युत," विल्हो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

शहर येईपर्यंत हेल्वीच्या डोक्यात तेच फिरत होतं. विसरला? ओस्सीला विसरला? बटाटे सोलायची बादली मांडीवर घेऊन बसलाय, आणि माझं पोर त्या खिळ्यावर सोडून आला. नाही, खिळ्यावरही नव्हती. कुणाला तरी देऊन टाकली होती! आता कुणी तिच्यात कोंबड्यांना दाणे घालेल.

नव्या घरात तिने पांढऱ्या बादलीवर बसायचं सोडलं. लाकडी खुर्ची ओढून बटाटे सोलायची. विल्होने बादली मुकाट्याने खिडकीशी सरकवून ठेवली. तिथे ती बिनकामाची बसून राहिली. डिसेंबरात थंडी कडक पडली. एकदा हेल्वीने तोंड उघडलंही होतं, पण आले ते शब्द वेगळेच.

"कॉफी संपत आलीय."

"आणतो," विल्हो म्हणाला.

नाताळच्या आदल्या दिवशी तांदळाची खीर खाऊन झाली. हेल्वीने दुकानातून आणलेली मेणबत्ती पिशवीत टाकली. पत्र्याच्या झाकणाची, सगळ्यांसारखी. हातात घेतानाच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मार्युत गाडी घेऊन खाली उभी होती. विल्हो एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पांढरी बादली घेऊन उतरला.

"ती कशाला?"

"असू दे."

दफनभूमीत पोचले तेव्हा अंधारून आलं होतं आणि सगळ्या थडग्यांवर उजेड होता. मार्युत गाडी लावत होती. हेल्वी ओळखीच्या वाटेने पुढे गेली, मान खाली घालून. पोराला तोंड कसं दाखवायचं, हेच तिच्या डोक्यात होतं. वर बघितलं आणि पाय थांबले.

ओस्सीच्या दगडापुढे बर्फाचा दिवा जळत होता. जरा कललेला. आणि त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत ती वाकडी खाच.

पलीकडे बायकोच्या थडग्याशी काउको टोपी हातात घेऊन उभा होता. तो खाकरला.

"पहिले दोन वाया गेले, हेल्वी. हा म्हणाला एक रात्र ठेव. मी म्हटलं, दोन रात्री ठेवू, घट्ट होईल. ठार दगड झाला! मेणबत्तीला जागाच नाही. दोनदा तेच केलं."

"गाढवा," विल्हो म्हणाला. "आणि ही भिंत बघ. एका बाजूला जाड, एका बाजूला पापुद्रा. भिंतीला टेकवून ठेवली होतीस ना?"

"पुढच्या वर्षी तूच ये करायला."

"गप्प बसा दोघं," हेल्वी म्हणाली. काउको टोपी घालून हळूच निघून गेला.

विल्हो काठी चाचपत राहिला. "मार्चमध्ये फ्लॅट बघायला गेलो होतो, आठवतं? त्या काचबंद बाल्कनीत कुंडीखालच्या बशीत पाणी होतं."

आठवलं तिला. याने त्या बशीत बोट बुडवलं होतं आणि ती ओरडली होती, लोकांच्या घरात हात घालू नकोस म्हणून.

"बाहेर दात वाजत होते आणि बशीतलं पाणी पातळ," विल्हो म्हणाला. "खालच्या घराची ऊब वर येते. तिथे दिवा गोठायचा नाही. बादली थंडीपाशीच ठेवायला हवी होती."

"मला सांगायचंस ना रे! दोन महिने मी तुझ्यावर धुमसतेय."

"सांगायला गेलो असतो तर नाव घ्यावं लागलं असतं." त्याने दिव्याकडे बघितलं. "ओस्सीचं."

हेल्वीने त्याची बाही धरली. इतक्या वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडून ऐकत होती. केवढा माणूस हा, आणि मी काय काय समजून बसले!

विल्होने पांढरी बादली बर्फात दाबून बसवली, हलवून बघितली, गादीवरची भुरभुर झटकली.

"बस. दरवर्षी तुझे गुडघे भरून येतात आणि आपण लगेच निघतो. त्याच्याजवळ कधी नीट बसणं झालंच नाही तुझं."

ती बसली. दिवा तिच्या अगदी हाताशी आला. हातमोजा काढून तिने त्या खाचेवर बोट ठेवलं. मागून मार्युतची पावलं वाजली.

"आई, निघायचं ना? थंडी वाढलीय."

"थांब गं," हेल्वी म्हणाली. "आत्ता तर बसलेय."