यादीतला तिसरा फोन

व्हर्लिन हॅस्केटने कंपनीचा हिरवा एप्रन वकीलबाईंच्या टेबलावर आपटला.

“नऊ वर्षं हा गळ्यात बांधून सँडविच विकली. आता त्यांच्या गळ्याशी येऊ दे. तिप्पट भरपाई! एक डॉलर कमी नको.”

ओडेट प्रुइट यांनी एप्रन उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवला. स्पोकेन शहरात मोठ्या कंपन्यांच्या नावाने दुकानं चालवणाऱ्या फ्रँचायझीवाल्यांचे खटले बहुधा त्यांच्याकडेच येत, आणि सगळे अशीच आदळआपट करत.

“वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात तिप्पटीची सोय आहे. पण न्यायाधीशांना वाटलं तर. कंपनीने जाणूनबुजून फसवलं, हे त्यांना दिसायला हवं.”

“दिसायचं काय राहिलंय? आमची पाच जणांची दुकानं बुडाली. या बाईंचं तर राहतं घर गेलं!”

या बाई म्हणजे मार्लिस टँगन. खिडकीजवळ कोटही न काढता बसल्या होत्या. वाला वाला गावातलं त्यांचं दुकान अकरा महिन्यांत बंद पडलं होतं. व्हर्लिनची आणि त्यांची गाठ आज पहिल्यांदाच पडत होती.

“मार्लिस, कंपनीने दिलेले विक्रीचे आकडे तुम्ही पडताळून पाहिले होते?” प्रुइटबाईंनी विचारलं.

“पाहिले ना. दुकान घेण्याआधी कंपनी जुन्या दुकानदारांची यादी देते. फोन करा, विचारा म्हणते. मी तीन फोन केले. दोघांनी उचललाच नाही. तिसरे अर्धा तास बोलले.”

“काय म्हणाले?”

“डोळे झाकून घ्या म्हणाले. दुपारी दारात रांग लागते. मी विचारलं, कंपनी त्रास देते का? तर हसले. घरचीच माणसं आहेत हो, म्हणाले.”

व्हर्लिनचे कान तापले. ते हसणं त्याचंच होतं. तेव्हा त्याचं दुकान आठ महिने तोट्यात होतं आणि तो गुपचूप दुकान विकायला गिऱ्हाईक शोधत होता. कंपनीचं नाव खराब झालं तर दुकान घेणार कोण? असा फोन आला की यादीतले सगळेच गोड बोलत. खरं बोलणं कुणालाच परवडत नव्हतं, आणि लाज वाटायला कुणाला सवड नव्हती.

प्रुइटबाईंचं पेन थांबलं.

“हा माणूस कंपनीच्या हाती लागला तर तिप्पट विसरा. बाईंना दुकानदारानेच फसवलं, आमच्या आकड्यांवर त्या विसंबल्याच कुठे, असं म्हणतील ते. नाव काय त्याचं?”

मार्लिसबाईंनी व्हर्लिनकडे रोखून पाहिलं. त्याला नजर वर करता येईना.

“आठवत नाही,” त्या म्हणाल्या.

बाहेर लिफ्टपाशी त्याने त्यांना गाठलं.

“बाई, तुमचे उपकार कसे...”

“उपकार? तुमचं तोंड बघायचीसुद्धा इच्छा नाही माझी. आवाज ऐकताच ओळखलं मी तुम्हाला.”

“मग आत नाव का नाही सांगितलंत?”

“तुमच्याकडून काय वसूल करणार, कपाळ? तुम्हीही बुडालेलेच. कंपनी तिप्पट देईल, त्यातच तुम्ही माझं जे देणं लागता तेही आलं.”

लिफ्ट आली. व्हर्लिनने हाताने दार अडवून धरलं. मार्लिसबाई वळल्या आणि जिन्याने उतरू लागल्या. सहा मजले होते.