शेवटचं पान नसलेली कादंबरी

बसा मित्रांनो, पण मला एकदम ताणून उघडू नका, पाठ फार दुखते. मी एक जुनी कादंबरी आहे. वाचनालयाच्या मागच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात वाफेवर उडणारी जहाजं आहेत, किल्लीवर चालणारी पितळी माणसं आहेत आणि हरवलेल्या बहिणीला घरी आणायला निघालेली, जहाजाची भट्टी पेटती ठेवणारी एक भट्टीवाली आहे. शिवाय माझ्या लेखकाला भारी हौस! जुन्या पुस्तकांतली माणसं आणि वाक्यं त्याने पानोपानी पाहुण्यांसारखी आणून बसवली आहेत.

छापखान्यातून आले तेव्हा मी कोरी करकरीत होते. मला न्यायला नंबर लागायचे. मग लोकांची मतं ऐकून ऐकून माझे कान किटले. एक म्हणाला, भन्नाट आहे. दुसरा म्हणाला, सगळी डोक्यावरून गेली. एक ताई दुसऱ्याच प्रकरणात जांभया देऊ लागल्या, आणि एका गृहस्थांनी माझ्यावर चहा सांडून मला गुपचूप परत केलं.

माझं खरं कौतुक केलं ते खुणावाल्या सरांनी. हे नाव मीच ठेवलेलं. ते कॉलेजात शिकवायचे आणि हातात पेन्सिल घेऊनच मला उघडायचे. कुठला प्रसंग कोणत्या जुन्या पुस्तकाची आठवण करून देतो, हे त्यांना अचूक कळायचं. एक खूण सापडली की स्वारी दिवसभर खूश. भट्टीवालीचं पुढे काय झालं, याच्याशी मात्र त्यांना काही देणंघेणं नव्हतं. माझ्या शेवटच्या पानावर म्हणे अशा खुणांची रासच होती. त्या पानावर जहाज समुद्रात कोसळतं आणि दोघी बहिणी घरी येतच नाहीत. सरांना लेख लिहायला ते पान हवं होतं. त्यांनी ते ब्लेडने अलगद कापलं आणि पिशवीत घातलं. ज्याने डोक्यावर घेतलं त्यानेच कापलं, आता सांगायचं कुणाला?

पुढे नवी पुस्तकं आली आणि मी मागे मागे जात राहिले. शेवटी वाचनालयाच्या बाईंनी मला रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. खरं सांगते, तेव्हा वाईटही वाटलं नाही, इतकी मी दमले होते.

त्याच दिवशी एक काकू आल्या. त्यांचे यजमान बस चालवायचे, आता अंथरुणाला खिळले होते. त्यांना लांबच्या प्रवासाचं काहीतरी ऐकायचं होतं. बाईंनी गठ्ठ्यावरून मला उचलून दिलं.

काकू रोज दुपारी खाटेशी बसून मोठ्याने वाचायच्या. लेखकाची एकही खूण त्या दोघांना कळली नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही. एवढं पितळ घेऊन कुणी उडतं का, म्हणून काका कुरकुरायचे आणि लगेच म्हणायचे, वाच पुढे. त्यांचा आवाज खोल जात चालला होता. भट्टीवाली घरी पोचते का, एवढं त्यांना ऐकायचं होतं, आणि तेवढ्यासाठीच ते थांबले आहेत असं काकूंना वाटायचं.

एका दुपारी काकूंनी पान उलटलं, तर पुढे नुसता पुठ्ठा. मी लाजेने अर्धी झाले. काकूंनी एकदा काकांकडे पाहिलं. मग पुठ्ठ्याकडे बघतच वाचल्यासारखं बोलू लागल्या. जहाज उतरलं, भट्टीवाली बहिणीला घेऊन दारात आली, आतून कुणीतरी कडी काढली.

"पोचली एकदाची," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. दोन दिवसांनी ते गेले.

मला परत करायला काकू एकट्याच आल्या. मला टेबलावर ठेवलं, पण माझ्यावरचा हात काही त्यांना काढवेना.

"बाई, शेवटचं पान नव्हतं हो हिला. मी यांना सांगितलं, ती घरी पोचते म्हणून. पोचते ना खरंच?"

मी नवी असताना बाईंनी मला वाचलं होतं. शेवटच्या पानाशी त्या रडल्याही होत्या. त्यांनी मला उघडलं आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"पोचते," त्या म्हणाल्या.

काकूंनी डोळे पुसले आणि हात काढून घेतला. बाईंनी मला पुन्हा गठ्ठ्यावर ठेवलं नाही.

मित्रांनो, पुस्तकाचं पान कधी कापू नका. ते पुढच्या माणसाला लागतं आणि आम्हालाही दुखतं. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? त्या दिवशी बाईंनी काकूंसमोर मला उघडलं, तेव्हा ते पान माझ्यात नव्हतं, तेच बरं झालं.