काळ्या पट्टीखालचा कॅमेरा

मित्रांनो, तुमच्यात नऊ वर्षांच्या मुलाला शाळेच्या बाकावर बसवतात. आमच्यात नऊ वर्षांच्याला काचेच्या कपाटात बसवतात आणि गळ्यात 'जुना, पण बरा' अशी चिठ्ठी अडकवतात. मी तसाच एक जुना, पण बरा डिजिटल कॅमेरा आहे.

माझा जन्म नेमका कुठे झाला, हे मला नीट सांगता येत नाही. भिंग एका गावात घासलं गेलं, प्रकाश टिपणारा तुकडा दुसऱ्याच कंपनीने दिला, स्क्रू तिसरीकडून आले. सगळं जुळल्यावर माझ्या कपाळावर 'कुनिओरी' हे कंपनीचं नाव बसवलं. तेव्हापासून कोणी विचारलं, तर मी कपाळावरचं नाव सांगतो आणि पोटाचा विषय टाळतो.

पहिले सात महिने मी कुनिओरीचा सर्वोत्तम कॅमेरा होतो. आठव्या महिन्यात माझा धाकटा भाऊ बाजारात आला आणि त्याच जाहिरातीत, त्याच शब्दांत तो सर्वोत्तम झाला. माझ्यात काय बिघडलं, ते मला अजून कळलेलं नाही.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. त्याने मला बगळे टिपायला घेतलं आणि माझं चारशे पानांचं माहितीपुस्तक वाचायला बसला. बगळा दिसला की तो योग्य पान शोधायचा. पान सापडेपर्यंत बगळा शेजारच्या जिल्ह्यात पोचलेला असायचा. शेवटी त्याने मला जपानमधल्या ओकाया गावात शिगेमीबाईंच्या दुकानात विकलं आणि दुर्बीण घेतली.

कपाटात आम्ही एकोणीस जण होतो. गिऱ्हाइकं यायची, पिक्सेलचे आकडे विचारायची, दोघा-तिघांना हाताळायची आणि 'विचार करून सांगतो' म्हणून जायची. अशी दोन वर्षं गेली. मग एप्रिलमध्ये कुवाबारा तामिओ आले.

हे कुवाबारा चौऱ्याहत्तर वर्षांचे. शिरामिने कंपनीच्या कारखान्यात सदतीस वर्षं त्यांनी शटर जुळवली होती. शिरामिनेचा कारखाना तलावाच्या या काठाला आणि कुनिओरीचा पलीकडच्या, त्यामुळे दोन्हीकडच्या कामगारांत सोयरीकसुद्धा जपून व्हायची. बारा वर्षांपूर्वी शिरामिनेने कॅमेरे करणं बंद केलं. निष्ठा मात्र बंद झाली नाही.

"बाई, एक कॅमेरा हवाय," कुवाबारा म्हणाले. "आमच्या जुन्या कामगारांचं दर मे महिन्यात जेवण असतं. फोटो काढायचं काम माझ्याकडे. गेल्या साली आमचा शिरामिने आतून मेला. सगळे फोटो काळे."

"मग यंदा मोबाइलवर काढा की."

"मुकादम माकिशिमा येणार आहेत, एक्क्याण्णव वर्षांचे! जूनमध्ये मुलीकडे, पार उत्तरेला होक्काइदोला जाणार, कायमचे. हा शेवटचा फोटो. त्यांच्यापुढे काय मोबाइल धरू?"

"बरं. किती पिक्सेल हवेत?"

"ते मला काही कळत नाही. वाजवून दाखवा."

शिगेमीबाईंनी बरीच वर्षं दुकान चालवलं होतं, पण कॅमेरा वाजवून मागणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं. कुवाबारा डोळे मिटून बसले. बाई एकेक कॅमेरा त्यांच्या कानाशी धरून शटर दाबत होत्या.

"सैल."

"पुढचा?"

"ह्याला सर्दी झालीय. पुढचा."

मग माझी पाळी आली. खट्. कुवाबारांचे डोळे मिटलेलेच राहिले. पुन्हा खट्. त्यांच्या चेहऱ्यावर गरम सूप प्यायल्यासारखं काहीतरी पसरलं.

"हा. हाच. कोणी जुळवलाय हो हा?"

त्यांनी डोळे उघडले, माझ्या कपाळावर 'कुनिओरी' वाचलं आणि मला असं खाली ठेवलं, की जणू मी दुसऱ्याच्या घरातला टॉवेल होतो.

तीन वेळा ते दाराशी गेले आणि तीन वेळा परत आले. चौथ्यांदा त्यांनी विचारलं, "बाई, काळी चिकटपट्टी आहे का?"

घरी त्यांच्या पत्नी हात्सुए बघत होत्या आणि हे माझ्या कपाळावर पट्टी चिकटवत होते. शटरच्या कामाची सवय; अर्ध्या केसाचीही फट राहू देणार नाहीत. नाव झाकलं. मग कडेची अक्षरं झाकली. मग समोर जे जे छापल्यासारखं दिसलं, ते सगळं झाकलं.

"अहो, दरोडा घालायला निघालाय का त्याला घेऊन?" हात्सुए म्हणाल्या.

"मुकादमांना दिसलं तर?"

"निवृत्त होऊन तीस वर्षं झाली मुकादमांना!"

"ते निवृत्त झाले. मुकादमपणा कुठे गेलाय?"

मी मात्र पुरता गोंधळलो. निवडलं मला, लाजही माझीच. माझं नक्की काय आवडलं होतं आणि काय खटकलं होतं?

मे महिन्यात तलावाजवळच्या खानावळीत अकरा म्हातारे जमले. वाम माशाचं जेवण झालं, साके म्हणजे तांदळाची दारू झाली, गुडघ्यांच्या चौकशा झाल्या. मग सगळे गादीवर ओळीने बसले, मध्ये मुकादम माकिशिमा. शिरामिनेच्या प्रत्येक फोटोत मुकादमांचा चेहरा एकच, तपासणीत माल नापास करतानाचा.

कुवाबारांनी मला तिपाईवर बसवलं, दहा सेकंदांची वेळ लावली आणि धावत जाऊन जागेवर बसले. वेळ मोजताना माझा एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. तो लुकलुकतच होता, पण पट्टीच्या आत.

"कुवाबारा, दिवा कुठाय?" मुकादमांनी विचारलं.

"असेल की, मुकादम. असायला हवा."

"लागला नाही."

"बघतो."

कुवाबारा उठून माझ्याकडे वाकले आणि खट्. त्या फोटोत फक्त कुवाबारांचं जाकीट आहे. दुसऱ्या खेपेला त्यांच्याबरोबर आणखी दोघे उठले, म्हणजे तीन जाकिटं. तिसऱ्या खेपेला मुकादम स्वतः काठी टेकत उठले.

"मुकादम, तुम्ही बसा, मी करतो ना!" कुवाबारा पांढरेफटक पडले होते.

"इतकी वर्षं हेच ऐकलंय तुझं." मुकादमांनी अंगठ्याच्या नखाने पट्टीचं टोक उचललं. एका ओढीत सगळी निघाली. दिवा दिसला. नावही दिसलं.

कुवाबारांनी कपाळ गादीला टेकवलं. "माफ करा, मुकादम. मी... आवाजावरून निवडला."

मुकादम बराच वेळ ते नाव वाचत राहिले, जणू त्यात शंभर अक्षरं होती. मग त्यांनी मला तिपाईवरून काढलं, पाठ कानाला लावली, भिंग सगळ्यांकडे, आणि शटर दाबलं.

खट्.

"पुन्हा ऐकू दे." खट्. "हं. शटरचा दुसरा पडदा जरा उशिरा येतोय."

"नाही हो मुकादम!" कुवाबारा ताडकन उठून बसले. "वेळेवर येतोय."

"तुझा कान गेलाय."

"एक्क्याण्णव तुमचं वय आहे, माझं नाही!"

असं उत्तर मुकादमांना आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. आणि मग अकराच्या अकरा म्हाताऱ्यांना मी हवा झालो. ह्याच्या कानाला, त्याच्या कानाला. "दे इकडे!" "अरे, उजवा कान लाव, डाव्यात तुझं यंत्र आहे!" "हा तर आमच्याच कारखान्याच्या चौथ्या रांगेतला वाटतो!" शत्रूच्या शटरवर तासभर भांडण झालं. निर्णय लागला नाही. बस आली, सगळे वाकवाकून निरोप घेऊन गेले.

घरी आल्यावर हात्सुएंनी विचारलं, "फोटो दाखवा."

फोटो काढायचाच राहून गेला होता. बारा वर्षं जपलेली निष्ठा गेली, लाजही गेली आणि वर मुकादमही चालले. रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी हात्सुएंनी मला सुरू केलं. सुरुवातीचे फोटो जाकिटांचे होते. पुढे मात्र एकेक वाजवल्यागणिक एकेक फोटो निघाला होता, कारण मला काय माहीत, की मला फक्त ऐकताहेत? माझं शटर दाबलं की मी समोरचं टिपतो. ज्याच्या कानाला मी होतो, तो तेवढा फोटोत नव्हता. बाकी सगळे माझ्याकडे झुकून, त्याचा निकाल ऐकायला थांबलेले.

दुपारी कुवाबारा मिठाईचा डबा आणि मला घेऊन मुकादमांकडे गेले. घरात खोकी बांधून तयार होती. मुकादमांनी माझ्या पाठीवरचा फोटो दाखवणारा पडदा डोळ्यांशी धरला. एकेक फोटो सरकवला आणि एका फोटोवर थांबले.

"हा मधला कोण रे? तोंड उघडं टाकून हसतोय तो?"

"तुम्ही, मुकादम."

"मी?" मुकादमांनी फोटो पुन्हा पाहिला. "मी असा हसतो?"

"आम्हालाही माहीत नव्हतं."

मुकादमांनी त्या फोटोवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "हा मोठा करून दे. होक्काइदोत नातवंडांना दाखवीन. त्यांनाही माहीत नाही."

मित्रांनो, कॅमेरा कसा निवडावा, हे तुम्ही मला विचाराल, तर मी प्रामाणिकपणे सांगतो, मला माहीत नाही. आकड्यांवरून निवडणारे पाहिले, नावावरून निवडणारे पाहिले, कानाने निवडणारेही पाहिले. त्यांना माझ्यात काय दिसलं आणि काय नाही, याचा माझ्या डोक्यात अजून गुंता आहे. एवढीच विनंती, की जो घ्याल तो वापरा. भिंग मऊ कापडाने पुसा, ओल लागू देऊ नका. आणि फार दिवस निवडत बसू नका. आम्ही कपाटात थांबू शकतो. फोटोत यायची माणसं कधी कधी जूनमध्ये निघून जातात.