खो-खोच्या फोटोची मागची बाजू

मी एक जुना वार्ताफलक आहे. बद्रीनाथ गुरुजींच्या मुलीचं, तृप्तीचं बारसं झालं, त्याच वर्षी, म्हणजे २००९ साली, माझा जन्म झाला. नवीन जालन्यातल्या एका दुकानाबाहेर बियाण्याच्या खोक्यांच्या फळ्या पडल्या होत्या. गुरुजींनी त्या मोटारसायकलला बांधून आणल्या, ठोकल्या आणि बदनापूरच्या पुढं असलेल्या आमच्या वस्तीच्या शाळेत मला दाराशेजारी टांगलं.

मित्रांनो, माझं काम सोपं होतं. गुरुजी रोज सकाळी बदनापूरच्या स्टेशनावर वर्तमानपत्र घ्यायचे आणि परिपाठानंतर मुलांसमोर पसरायचे. पुराची बातमी असली की नकाशावर नदी शोधायची, निवडणूक असली की वर्गातच चिठ्ठ्या टाकून मतदान. मग निवडलेली बातमी कापून माझ्यावर चिकटवायची. खळ साखराबाई शिजवून द्यायच्या. त्या शाळेत खिचडी करायच्या. पन्नाशीपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलांच्या मागं उभं राहून माझ्यावरचे मथळे वाचत त्या शिकल्या.

"गुरुजी, ह्या मंत्र्याचं नाव लई लांब हाय. वाचस्तोर खिचडी करपली माझी," त्या म्हणायच्या, आणि मुलं खो खो हसायची.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्यापुढं उभं राहून फोटो काढला. तेवढंच माझं कौतुक.

पुढं पट घटत गेला. माणसं कामासाठी जालन्याला गेली. नऊ मुलं उरली, आणि शाळा बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. साखराबाईंची नात वर्षाराणी तिसरीत होती. तिचा बाप बिभीषण स्पष्ट म्हणाला होता, "ओढ्यापल्याडच्या शाळेत पोरीला धाडणार न्हाई. हितं शाळा हाय तवर शिकू द्या."

२०२३च्या ऑगस्टमध्ये एके दिवशी पाचव्या पानावर खो-खो जिंकलेल्या मुलींचा फोटो आला.

"गुरुजी, हा लावा ना. जल्दी कापा!" वर्षाराणी म्हणाली.

"थांब गं, पेपर पळून चालला का?" म्हणत गुरुजींनी कात्री लावली आणि मागच्या बाजूला खळ फासली. जाहीर सूचनांचं बारीक अक्षर ते संध्याकाळी घरी वाचायचे. त्या दिवशीही वाचलं, पण चौकोनी भोक पडलेलं पान वाचलं.

महिन्याभरानं शाळा बंद करण्याचं पत्र आलं. गुरुजी कार्यालयात गेले. "सूचना पेपरात दिल्ती. पंधरा दिवसांत एक हरकत आली न्हाई," कारकून म्हणाला आणि तारीख सांगितली.

गुरुजींनी परत येऊन जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यातून त्या तारखेचा अंक काढला. भोक पाहताच ते माझ्याकडं वळले. मुलं घरी गेली होती. साखराबाईंनी फोटोवर पाण्याचा हात फिरवला आणि कागद हलकेच सोलून उलटा केला. खळीत बुडालेली अक्षरं त्या बोट ठेवून वाचू लागल्या, "शाळा... बंद... करण्याबाबत... हरकती... पंधरा दिवसांत."



"मंग ही सूचना आपल्याच शाळेची की ओ, गुरुजी."

गुरुजी पायरीवर बसले. "पान उलटून पाह्यलंच न्हाई मी, मावशी."

"वर्षाराणीला कळू देऊ नका. तिनंच मागितल्ता फोटो."

साखराबाईंनी तो पुन्हा जसाच्या तसा चिकटवला.

हरकत घेतली असती तर शाळा वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. पण आमच्याकडून कोणी एक शब्दही लिहिला नाही, एवढं खरं.

दिवाळीनंतर कुलूप लागलं. गुरुजींची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. वर्षाराणी आईबरोबर कापूस वेचायला जाऊ लागली. साखराबाईंनी मला घरी नेऊन शेळ्यांच्या गोठ्याच्या भिंतीला टेकवलं. दुपारी त्या माझ्यासमोर बसून त्याच जुन्या बातम्या मोठ्यानं वाचायच्या. वर्षाराणीला हाक मारायच्या. ती दमलेली असायची. यायची नाही.

आता मला वाळवी लागली आहे. मित्रांनो, वर्तमानपत्राला कात्री लावण्याआधी पान उलटा आणि मागचंही वाचा. आम्हाला त्याचा आता काही उपयोग नाही, तुम्हाला होईल की नाही ठाऊक नाही.

मला वाचणाऱ्या साखराबाई २५ फेब्रुवारी २०२५ रोजी, मंगळवारी दुपारी वारल्या. त्यांचं वय एकसष्ट होतं.