एक जूनचा पट

दिनांक १ जून रोजी सकाळी सात वाजता, मौजे आंबेदरा येथे, ज्यांची जन्मतारीख मी शाळेच्या नोंदवहीत अंदाजाने एक जून लिहिली होती, ती सर्व माणसे सहा वर्षांची झाली.

अंदाज माझा होता, तरी तो निराधार नव्हता. आईबापांना तारीख सांगता येत नसे. शाळा उघडताना मूल सहा वर्षांचे भरावे लागे. आणि त्यासाठी एक जून ही सर्वांत सोयीची तारीख होती. तीस वर्षांत एकाच बाईने त्या तारखेविषयी हरकत घेतली होती, आणि ती मी खोडून काढली होती.

गावात अशी वीस माणसे निघाली. शाळेत एकही मूल उरले नव्हते, आणि पट वीस न भरल्यास त्याच दिवशी कुलूप लागणार होते. मी नियमाप्रमाणे एकेकाला पहिलीत दाखल करून घेऊ लागलो. सरपंचांचे नाक पुसले. तालमीच्या वस्तादांना लघवीला सोडले. पालक म्हणून अंगठे उठवायला कधीच शाळेत न गेलेल्या बायका आल्या. त्या तेवढ्या मोठ्या राहिल्या होत्या. केंद्रप्रमुख बोंद्रे खुर्चीत बसून डोकी मोजत होते.

विसावा रामलिंग, कारखान्यातून सुट्टीवर आलेला. त्याला कडेवर घेऊन त्याची आई द्रौपदाबाई पुढे आली. हरकत घेणारी बाई हीच.

"जन्मतारीख?"

"पोळ्याची. मागंबी हेच सांगितलं हुतं, गुर्जी."

"पोळा ही तारीख नव्हे, बाई. तो दर वर्षी हलतो."

"मग तुमचा कागद हलवा की."

बायका हसल्या. मी तिला शांतपणे समजावले, की खरी तारीख पडली तर रामलिंग मिशांसकट छत्तीस वर्षांचा होईल, कारखान्याच्या गावी निघून जाईल, आणि पट मोडेल.

ती बराच वेळ त्याच्या केसांतून बोटे फिरवीत राहिली.

"कडेवर हाय तवर मलाबी बरं वाटतंय," ती म्हणाली. "पर खोट्या दिवशी दुसऱ्यांदा न्हाई जन्माला घालायची मी त्याला. लिवा."

मी त्याच्या जन्मवर्षाचे जुने पंचांग काढले. त्या वर्षी पोळा वीस ऑगस्टला होता. तसे लिहिले आणि शाई टिपली.

रामलिंगचे पाय जमिनीला टेकले. ते कडेवरूनच टेकले, कारण तिने त्याला खाली ठेवले नव्हते.

बोंद्रे उठले आणि त्यांनी डोकी पहिल्यापासून मोजली.

"एकोणीस," ते म्हणाले. "शाळा बंद. मुलांना घरी सोडा."