परत घेण्याची अट

दिपमालाला किळस येत नाही, असं जळगावात तिला ओळखणारी सगळी माणसं सांगत. बारा वर्षांत तिने गटारातून, बंद पडलेल्या गाड्यांच्या बोनेटखालून, सावद्याच्या केळीच्या वखारीतल्या खोक्यांमागून मांजरं ओढून काढली होती, त्यांच्या डोळ्यांतला पू पुसला होता, शेपटीखालचे जंत चिमटीत धरून काढले होते, आणि तेच हात साबणाने धुऊन निवांतपणे पोळीभाजी खाल्ली होती. तिला किळस यायची ती माणसांची. हौसेने पिल्लू नेणारी आणि सोफा ओरखडला म्हणून पोत्यात कोंबून बाजारात सोडून येणारी माणसं तिने इतकी पाहिली होती की 'आम्हाला मुक्या जनावरांचं फार प्रेम' असं कुणी म्हटलं की ती दोन पावलं मागे सरके. म्हणूनच तिच्या 'माऊघर' संस्थेचा अर्ज मुलगी द्यायची असावी इतका चौकस होता. मांजर नेणाऱ्याने दर रविवारी फोटो पाठवायचा, सहा महिन्यांच्या आत संस्थेचं माणूस न कळवता घरी येऊन पाहणार, आणि जमलं नाही तर मांजर संस्थेलाच परत द्यायचं, संस्था ते विनातक्रार घेईल. ही शेवटची अट ती माणसांना वाचून दाखवी, आणि निघताना मांजराच्या कानाशी लागून म्हणे, "नाही जमलं तर मी न्यायला येईन." लोक हसत. ती मात्र हा शब्द पाळत आली होती, एकदा तर ताप अंगात असताना पहूरला जाऊन.

हळद्या तिला रावेरला केळीच्या ट्रकमध्ये सापडला होता. पिवळा, थोराड बोका, शेपटीला मधेच गाठ, हनुवटीवर शाई सांडल्यासारखा काळा ठिपका. चार दिवस तो तिच्या न्हाणीघरात बादलीमागे दडून होता आणि पाचव्या दिवशी बाहेर आला तो सरळ तिच्या डाव्या पावलावर पंजा ठेवून बसला, आणि मगच त्याने बशीत तोंड घातलं. पुढे ती त्याची रीतच झाली. पायावर पंजा ठेवल्याशिवाय घास घ्यायचा नाही. नसबंदी झाली तेव्हा डॉक्टरांनी भुलीतच त्याच्या डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलं. ही खूण सगळीकडे करतात, तेच जनावर पुन्हा पकडून टेबलावर घेतलं जाऊ नये म्हणून.

थोराड बोक्याला घर मिळणं सोपं नसतं. त्यामुळे धुळ्याहून कमलबाईंचा फोन आला तेव्हा दिपमाला खूश झाली आणि स्वतःच हळद्याला वेताच्या टोपलीत घेऊन देवपुरातल्या त्यांच्या घरी गेली. कमलबाईंनी साठी ओलांडलेली, बोलणं खेड्यातलं, हात मऊ. बोक्याला उचलताना मागच्या पायांखाली तळवा धरावा हे त्यांना न सांगता कळलं. त्यांचे यजमान प्रेमराज नाना मात्र मोठ्या लाकडी खुर्चीत बसून होते. त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटातली अंगठी दोनदा टकटक वाजवली की कमलबाई पाणी घेऊन धावत, पुन्हा दोनदा वाजवली की वाटी घेऊन, आणि त्या वाटीत, बायकोच्या हातातल्या वाटीत, नाना चघळलेल्या सुपारीचा चोथा थुंकत. एक धागा ओठाला लोंबत राहिला तो कमलबाईंनी पदराने टिपला. दिपमालाला शिसारी आली. याच क्षणी टोपली उचलून परत फिरायला हवं होतं, हे तिला नंतर फार वेळा वाटलं. पण हळद्या कमलबाईंच्या मांडीवर डोळे मिटून बसला होता, आणि तिने सही घेतली.

चार महिने फोटो येत राहिले. दिवाळीनंतरच्या फोटोंमध्ये हळद्या नानांच्या खुर्चीत दिसू लागला, पाठ टेकून, पुढचे पंजे खुर्चीच्या हातांवर ठेवून. दिपमालाला गंमत वाटली. तिने एक फोटो संस्थेच्या पानावर टाकला, त्याला ढीगभर बदाम आले. त्यानंतरच्या रविवारी तिने फोटो मोठा करून पाहिला आणि तिची बोटं थबकली. डावा कान पुरा होता. तिने मागचे सगळे फोटो काढून पाहिले. गाठ तीच, ठिपका तोच, पण दिवाळीआधीच्या फोटोंत कानाचं टोक नव्हतं आणि नंतरच्या फोटोंत होतं.

हा प्रकार तिला नवा नव्हता. मांजर मरतं किंवा पळतं, आणि शरमेपोटी लोक तसंच दुसरं आणून बसवतात. कापलेलं टोक काही नखासारखं पुन्हा वाढत नाही; म्हणजे हळद्या कुठेतरी मरून पडला होता आणि ही बाई तिला दर रविवारी फसवत होती. दिपमालाचं डोकं फिरलं. जानेवारीतल्या एका सकाळी तिने तीच वेताची टोपली घेतली, अर्जाची प्रत पिशवीत टाकली आणि धुळ्याची एसटी पकडली.

दार कमलबाईंनी उघडलं. चेहऱ्यावर टवटवी होती, वजनही भरलं होतं.

"ये माय, बस. खालेच बस, खुर्चीवर त्या बसेल शेतस."

खुर्चीवर ते बसले आहेत, असं त्या म्हणाल्या; पण खुर्चीत बोका होता. दिपमालाने जवळ जाऊन त्याची शेपटी चाचपली, हनुवटी वर केली. गाठ खरी होती, ठिपका खरा होता, आणि डाव्या कानाला, बोटाने चोळून पाहिलं तरी, कापल्याची खूण नव्हती. बोक्याने तिच्याकडे पाहिलं. बारा वर्षांत तिच्याकडे एकाही मांजराने असं, नोकराकडे पाहावं तसं पाहिलं नव्हतं. मग त्याने पंजा उचलून खुर्चीच्या हातावर नखं दोनदा वाजवली.

कमलबाई लगबगीने आत जाऊन भाकरी आणि वाटी घेऊन आल्या. खुर्चीपुढे बसून त्यांनी भाकरीचा तुकडा स्वतःच्या तोंडात घातला, सावकाश चावून त्याचा लगदा केला आणि दोन बोटांनी काढून बोक्याच्या तोंडाशी धरला. लाळेची तार त्यांच्या ओठापासून त्याच्या मिशीपर्यंत ताणली गेली आणि तुटली. बोक्याने निम्मं गिळलं, उरलेलं वाटीत टाकलं. कमलबाईंनी पदराने त्याचं तोंड टिपलं.

"नरम लागस त्यासले," त्या म्हणाल्या. "पन आते वरडतस नही. बठ्ठं गोड मानीसन खातस."

चहा आला. त्यात एक पिवळा केस तरंगत होता. जंत चिमटीने काढणाऱ्या दिपमालाने तो केस पाहून कप तसाच खाली ठेवला.

"नाना कुठे आहेत?" तिने विचारलं.

"हाई काय," कमलबाई नवलाने खुर्चीकडे पाहत म्हणाल्या, "समोर ते बसेल शेतस."

म्हातारपणी डोक्यावर परिणाम होतो, असं दिपमाला मनाला समजावत होती, तेवढ्यात मागच्या खोलीच्या बंद दारावर काहीतरी घासलं. आवाज खालून, उंबऱ्याजवळून आला.

"मग आत कोण आहे?"

"तू देयेल तो. दिवाईपाईन बिघडना. अंथरुनमा घान करस."

दिपमाला उठली. हळद्या जिवंत होता, दिवाळीपासून आत कोंडलेला होता, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने टोपली उचलली, कडी काढली आणि दार लोटलं.

आधी वास आला. मुताचा, आंबलेल्या दुधाचा, माणसाच्या अंगाचा. खाटेखाली वाळूचं घमेलं होतं, भरलेलं, आणि वाळूत जे होतं ते मांजराचं नव्हतं. जमिनीवर बशीत दूध विरजून पिवळं पडलं होतं आणि त्याची साय फरशीवर ओघळली होती. खाटेच्या पायाशी प्रेमराज नाना अंगाचं वेटोळं करून पडले होते. दाढी वाढलेली, ओठ दुधाने पांढरे, आणि मनगटाची आतली बाजू ते मन लावून चाटत होते, चाटून त्याच मनगटाने गाल पुसत होते.

अर्धांगवायू, दिपमालाच्या मनात आलं. दिवाळीत झटका आला असणार, वाचा गेली असणार, आणि या बाईने नवऱ्यावर जन्माचा सूड उगवला आहे. याहून घाणेरडं काही असूच शकत नाही, असं तिला वाटलं. तेवढ्यात नानांनी मान वळवली आणि खिडकीचा उजेड त्यांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला पडला. कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं होतं. जखम ताजी नव्हती. कापलेल्या कडेवर बारीक लव उगवली होती.

तिने टोपलीकडे पाहिलं आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो एवढाच, की यात हा मावणार नाही. त्या विचाराची तिला त्या वासाहून जास्त किळस आली.

"मन्हाकडथून आते व्हस नही," मागून कमलबाई शांतपणे म्हणाल्या. "तुन्हा कागदवर लिखेल शे ना, जमनं नही ते परत लई जासूत? लई जा मंग."

नाना टोपलीकडे सरकत होते. कोपरांवर, पोटावर, घसा आतल्या आत घरघरवत. त्यांनी वेताच्या कडेला गाल घासला, एकदा, दोनदा. मग डोळे वर करून दिपमालाकडे पाहिलं आणि चाटून ओला झालेला तो म्हातारा हात तिच्या डाव्या पावलावर ठेवला. ठेवून थांबले. बशी शेजारीच होती. ते वाट पाहत होते.

दिपमालाने पाय असा झटकला की तो हात फरशीवर आपटला.

शेजाऱ्यांना बोलावता आलं असतं. दवाखान्यात फोन करता आला असता. पण काय सांगायचं होतं तिला, आणि कुणाविषयी? तिने टोपली ओढून घेतली, दार लावलं, कडी घातली. कडी नीट बसली की नाही हे तिने पुन्हा एकदा हलवून पाहिलं.

बाहेरच्या खोलीत येऊन तिने अर्जाची प्रत उलटून मांडीवर ठेवली; मागच्या बाजूला घरभेटीचे प्रश्न होते. खुर्चीतून बोका पाहत होता. दारामागे कुणी ओरडलं नाही, धडपडलं नाही. फक्त उंबऱ्याशी कुणीतरी अंग टेकवून बसल्याचा आवाज आला. 'मांजर नव्या घरात रुळलं आहे का?' तिने 'हो' लिहिलं. 'परत घेण्याची गरज आहे का?' तिने 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली. पायपुसण्यावर तिने पाय तीनदा पुसला होता, तरी सही करताना डावं पाऊल ओलंच होतं.