खऱ्या बातमीवर बसलेला अंक

मी बोलतोय, जुन्नरच्या वाचनालयातला साप्ताहिकाचा एक जुना अंक. लोक मला वाचतात, पण माझं ऐकत कोणी नाही. म्हणूनच जीव मेटाकुटीला आलाय.

माझा जन्म १९५१चा. आमचा बातमीदार बेल्ह्याच्या बाजाराला कधी जायचाच नाही. तिकडून येणाऱ्या मोटारीतून जो पावणा पहिला उतरेल, त्याला चहा पाजायचा आणि तो सांगेल ते लिहायचं, ही त्याची रीत. त्या आठवड्यात बैलबाजारात गवताच्या गंजीला आग लागली. पावणा म्हणाला, दोरखंडवाल्या पीरमहंमदच्या बिडीनं लागली. झालं, माझ्या पहिल्या पानावर तेच छापलं.

खरं तर ठिणगी चहावाल्याच्या चुलीतली होती. पीरमहंमदनं स्वतःचे हात भाजून घेतले, दावी कापली आणि बैल सोडवले. पुढच्या अंकात तशी दुरुस्ती आली. पण वाचनालयाच्या शिपायानं, सावळारामनं, मला जपून ठेवलं आणि तो दुरुस्तीचा अंक कपाटाच्या फळीवर अंथरला. वर आमचा गठ्ठा ठेवला. सात वर्षं मी खरी बातमी बुडाखाली घेऊन बसलो होतो. काय म्हणावं या कर्माला?

परवा सोपान मास्तर आले. बेल्ह्याच्या बाजाराचा इतिहास लिहितायत म्हणे. मला उघडलं आणि बिडीची हकीकत जशीच्या तशी वहीत उतरवली. पुढचा अंक शोधावा, बाजारातल्या चार जाणत्यांना विचारावं, तर ते नाही. मी आतल्या आत चडफडत होतो.

तेवढ्यात, मास्तर इतिहास लिहितायत हे ऐकून, पीरमहंमदची बायको ताजबी आली. तो जाऊन दोन वर्षं झाली होती.

"मास्तर, आगीत त्यांचं नाव लिवू नगा. फुडल्या अंकात खरं आलं व्हतं. लई येळा वाचून दावलं त्यांनी."

"ताजबी, हे छापलेलं आहे. तुमच्याकडे तो अंक आहे का?"

"भिजून गेला. मला वाचाया येत न्हाई, पण त्या बातमीच्या वर छत्रीचं चित्र व्हतं."

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. मला जागेवर ठेवायला त्यांनी गठ्ठा उचलला, तर खाली फळीवर अंथरलेल्या अंकात काळी छत्री छापलेली. ताजबीनं तिच्याखाली बोट ठेवलं.

"हितं वाचा."

मास्तरांनी मनात वाचलं. मग तिच्यासाठी मोठ्यानं वाचलं, आणि वहीतलं पान फाडलं.

आता मला आणि त्या अंकाला एका दोऱ्यानं शिवलंय. माझ्यावरून कुणाबद्दल काही लिहिणार असाल, तर राव, माझ्यापाशी थांबू नका. पुढचा अंक काढा.

ताजबी बाजाराच्या दिवशी येते. सावळारामला पान उघडायला लावते, छत्री बघते आणि जाते. माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. बरोबरच आहे तिचं.